रेड अलर्ट जिल्ह्याला, पाणी आपल्या ओढ्याला

मागच्या अंकात "पावसाच्या अलर्टबद्दल काय विचारायचंय ते विचारा" असं लिहिलं आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून इतकं आलं की निम्मं बाजूला ठेवावं लागलं. हवामान खात्याला घातलेल्या शिव्या छापत नाहीये, आणि शाळेला सुट्टी का देत नाहीत हा प्रश्न कलेक्टर ऑफिसचा आहे, आमचा नाही. बाकीच्यांतले काही घेतलेत.

सहकारनगरला राहते. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबील ओढ्याने जे केलं ते डोळ्यांनी बघितलंय. तेव्हापासून फोनवर पिवळा-नारिंगी काहीही आलं की रात्रभर डोळा लागत नाही. एवढे उपग्रह आहेत, रडार आहेत, मग "आज रात्री आंबील ओढ्याला पूर येणार" एवढं एक वाक्य कुणीच का सांगू शकत नाही? – एक वाचक, पुणे

ताई, ते एक वाक्य म्हणायला लागणारी माहिती बरीचशी आहे, पण ती पाच-सहा ऑफिसांत वाटलेली आहे आणि प्रत्येक ऑफिस वेगळ्या उंचीवरून बघतं, गोची तिथे आहे. वरून सुरू करू.

सगळ्यात वर जागतिक हवामान संघटना. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सॅन दिएगोच्या हायड्रोलॉजिक रिसर्च सेंटरने फ्लॅश फ्लड, म्हणजे पाऊस पडल्यावर काही तासांतच अचानक येणारा पूर, त्यासाठी फ्लॅश फ्लड गायडन्स नावाची सिस्टीम बनवली, ती २००४ साली मध्य अमेरिकेतल्या देशांत पहिल्यांदा चालू झाली. आपल्या दक्षिण आशियासाठी ती २३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली, म्हणजे तुमच्या ओढ्याच्या पुरानंतर एक वर्षाने. सूत्रं दिल्लीत हवामान खात्याकडे आहेत आणि नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका यांनाही तिथूनच माहिती जाते. हिची गंमत अशी की ती 'किती पाऊस पडेल' इथून सुरूच होत नाही. ती आधी विचारते की ह्या ओढ्याला आत्ता, जमिनीत आहे ती ओल धरून, एका तासात, तीन तासांत, सहा तासांत किती पाऊस झेपेल, म्हणजे कितीला पाणी काठोकाठ येईल. तो आकडा निघाला की मग पडलेला आणि पडणारा पाऊस त्याच्याशी ताडून बघायचा. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात कोरडी जमीन जो पाऊस गपगुमान पिऊन टाकते तोच पाऊस सप्टेंबरात पडला की ओढे फुटतात, पंगतीत पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रहाची जिलबी वाढली की ती पानावरून खालीच यायची, तसं. २०१९ चा २५ सप्टेंबर म्हणजे अख्खा पावसाळा जमिनीत मुरल्यानंतरची रात्र होती, हे लक्षात घ्या.

ह्या सिस्टीमने देशाचे बारीक बारीक पाणलोट पाडलेत, सुरुवातीलाच तीस हजारांच्या वर, आणि साधारण चार किलोमीटरच्या चौकटीत ती बघते. त्यातून दोन गोष्टी बाहेर पडतात, पुढच्या चोवीस तासांची 'रिस्क' आणि पुढच्या सहा तासांचा 'थ्रेट'. आता हे बुलेटिन कसं असतं ते ऐका. 'कोकण व गोवा, मध्य महाराष्ट्र ह्या उपविभागांतल्या काही पाणलोटांत कमी ते मध्यम धोका, पूर्ण ओल धरलेल्या जमिनीवर आणि सखल भागात पाणी वाहण्याची वा तुंबण्याची शक्यता', साधारण अशा भाषेत, खाली एक नकाशा, त्यावर रंगवलेले ठिपके. तज्ज्ञाला हे सोन्यासारखं आहे. सहकारनगरच्या माणसाला त्यातून काय कळणार, कपाळ!

त्याच्या खालची पायरी म्हणजे जिल्हावार रंग, ते आपल्याला मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडून आणि शिवाजीनगरच्या वेधशाळेकडून कळतात. त्याखाली नाऊकास्ट, रडार बघून पुढच्या तीन तासांचं. मग जिल्हा आपत्ती कक्ष, मग महापालिका, मग वॉर्ड ऑफिस, आणि सगळ्यात शेवटी तुमच्या सोसायटीचा वॉचमन. कात्रजच्या डोंगरात पडलेलं पाणी तुमच्या भागात यायला तासाभराचं काम, त्यामुळे ह्यातल्या वरच्या कुणीही कितीही हुशारी केली तरी शेवटच्या तासात कामाचे फक्त खालचे दोन-तीनच.

आणि एक गोष्ट मॉडेलला माहितीच नसते. ओढ्याची रुंदी त्याने उंच-सखल नकाशावरून काढलेली असते. पण कुठल्या वळणावर भिंत बांधली, कुठला कल्व्हर्ट प्लॅस्टिक आणि गाद्यांनी तुंबलाय, कुठे ओढ्याची गटार करून टाकलीय हे त्याला कोण सांगणार? त्या रात्री टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर भागात भिंती कोसळल्या, गाड्या एकावर एक चढल्या, शहर-जिल्हा मिळून वीसहून जास्त माणसं गेली, त्यात पावसाइतकाच हात ह्या गोष्टींचा होता. शहराला शहराच्या मापाची सिस्टीम लागते. मुंबईने जून २०२० मध्ये आयफ्लोज सुरू केली, केंद्राचं पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिका दोघांनी मिळून, त्यात नाले, भरती-ओहोटी, जमिनीची उंची सगळं घालून वॉर्डात कुठे किती पाणी साचेल ते काढायचा प्रयत्न असतो. चेन्नईला त्याआधीच तसं काम झालं होतं. जपानमध्ये तर हवामान संस्था एक किलोमीटरच्या चौकटीचा धोक्याचा नकाशा दर दहा मिनिटांनी बदलते आणि तो कुणालाही फोनवर बघता येतो. तेव्हा तुमची मागणी अवाजवी अजिबात नाही. ओढ्यात दोन ठिकाणी पातळी मोजणारे सेन्सर आणि वरच्या अंगाला चार पर्जन्यमापक, एवढ्यावर सुद्धा अर्धा-पाऊण तास आधी भोंगा वाजवता येतो. नगरसेवकाला हे विचारा, वेधशाळेला नको.

रेड अलर्ट आला की आमच्याकडे हमखास कडक ऊन. हे लोक नक्की खिडकीतून तरी बघतात का? – एक शेतकरी, बारामती

दादा, तुमचा राग समजतो, पण तुमचा जिल्हा बघा की केवढा आहे. लोणावळा, ताम्हिणी, वेल्हे एकीकडे आणि बारामती-इंदापूर-दौंड दुसरीकडे, ताम्हिणीला एका दिवसात जेवढा पडतो तेवढा तुमच्याकडे काही वर्षी अख्ख्या मोसमात पडत नाही. २५ जुलै २०२४ च्या सकाळी ताम्हिणीचा चोवीस तासांचा आकडा साडेपाचशे मिलीमीटरच्या वर होता! म्हणूनच हवामान खातं हल्ली 'पुणे' वेगळं आणि 'पुणे घाट' वेगळं असं देतं, सातारा, कोल्हापूर, नाशिकचंही तसंच. टीव्हीवाले मात्र घाट शब्द गाळतात आणि 'पुण्याला रेड अलर्ट' म्हणून पट्टी फिरवतात. तुम्ही पुढच्या वेळी मूळ तक्ता बघा, बहुतेक वेळा तुमच्या रानाचा रंग वेगळाच निघेल.

अजून एक, रंग म्हणजे नुसते मिलीमीटर नव्हेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ ला मुसळधार, तिथून २०४.४ पर्यंत अति मुसळधार आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार ही झाली पावसाची मापं. रंग ठरवताना तो पाऊस होण्याची शक्यता किती आणि झाला तर नुकसान किती हे दोन्ही धरतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हलायला लागा. शिवाय थोड्या अंतरात किती फरक पडतो ह्याचं उदाहरण मुंबईकरांना पाठ आहे, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात. कुलाब्याच्या माणसाने त्या दिवशी तुमच्यासारखंच म्हटलं असतं की कुठाय पाऊस.

सांगलीत आम्हाला दोन-दोन दिवस आधी कळतं, आयर्विन पुलावर आत्ता किती फूट, उद्या किती होणार. माझी मुलगी चिपळूणला दिलीय. २०२१ ला तिच्याकडे रात्रीत पाणी भरलं, कुणाला काही कळलंच नाही. तिकडच्या लोकांना आमच्यासारखं का सांगत नाहीत? – एक वाचक, सांगली

काका, प्रश्न फार चांगला आहे, कारण तुमच्या आणि मुलीच्या गावाचं पाणी एकाच कोयनेशी जोडलेलं आहे आणि तरी दोन्हीकडचा पूर पूर्ण वेगळ्या जातीचा.

तुमच्याकडे कृष्णा. पाऊस महाबळेश्वर-कोयना-वारणा पट्ट्यात पडतो, धरणांत येतो, दारं उघडतात, मग कऱ्हाड, मग पुढे करत पाणी आयर्विनखाली येतं, ह्या सगळ्या वाटेवर जागोजागी पातळी मोजणारी केंद्रं आहेत. केंद्रीय जल आयोग आणि आपलं जलसंपदा खातं दोघं हे बघतात, कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी तर खात्याची रिअल टाइम आकडे गोळा करणारी यंत्रणाच आहे. वरच्या ठाण्याला पाणी किती चढलं ते दिसलं की खालच्या ठाण्याला किती आणि कधी हे गणित मांडता येतं. म्हणून ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि रात्री बारा वाजता सुद्धा गल्लीतला पोरगा सांगतो आज किती. कोल्हापूरकरांचं राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ तसंच पाठ. २०१९ ला एवढं असूनही जे झालं ते झालं, पण तो आयुष्यभर पुरेल एवढा मोठा वेगळा विषय आहे.

आता चिपळूण. सह्याद्रीची भिंत डोक्यावर, समुद्र पायाशी, मधे वाशिष्ठीला धावायला जागाच किती. वरून पडलेलं पाणी काही तासांत बाजारपेठेत. २१-२२ जुलै २०२१ च्या रात्री घाटमाथ्यावर जो कोसळला त्याच्यात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलीमीटरची नोंद झाली, त्यात भरती, आणि त्यात कोयनेची वीज करून पश्चिमेला येणारं पाणी जिथे साठतं त्या कोळकेवाडीचा विसर्ग. सकाळ व्हायच्या आत सगळं संपलेलं होतं, एसटी आगाराचे व्यवस्थापक रोकड घेऊन बुडालेल्या गाडीच्या टपावर तासन्‌तास बसून होते, ते तुम्हीही वाचलं असेल. अशा नदीवर 'वरच्या ठाण्याला चढलं की खालच्याला सांगा' हे चालत नाही, कारण वरचं ठाणं आणि खालचं ठाणं ह्यांच्यात वेळच उरत नाही. तिथे पाणी मोजून भागत नाही, पाऊस पडतानाच, खरं तर पडायच्या आधीच बोलावं लागतं आणि आधी बोललं की चूक व्हायची शक्यता वाढते. जल आयोगाचं काम मोठ्या नद्यांचं, फ्लॅश फ्लडचं हवामान खात्याचं, धरणाचं दार पाटबंधाऱ्याचं आणि कोळकेवाडीसारख्या ठिकाणी वीज कंपनीचंही त्यात आलं, भोंगा नगरपरिषदेचा. चार-पाच जणांनी एकमेकांना रात्री दोनला फोन केला तर मुलीपर्यंत मेसेज जाणार.

धरणाचा विसर्ग तर माणूसच सोडतो, त्यामुळे त्याबाबतीत तरी 'कळलं नाही' ही सबब चालायला नको असं माझं मत आहे. २०२४ ला पुण्यात खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या घरात पाणी सुटलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीतल्या लोकांना पहाटे पार्किंगमध्ये पाणी बघून कळलं, ही त्यांची तक्रार अजून आहे. 'नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा' एवढा मेसेज टाकून कुणाच्या जिन्यात किती पायऱ्या पाणी येणार ते कळत नाही.

टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो. ४ जुलै २०२५ ला ग्वाडालुप नदीत जे झालं त्यानंतर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर रोज वाद, कुणी म्हणतं वेधशाळा झोपली होती, कुणी म्हणतं लोक झोपले होते. अमेरिकेत एवढी यंत्रणा असून असं कसं? – एक वाचक, टेक्सास

भाऊ, घड्याळ लावून बघू या, वाद आपोआप थोडा कमी होईल.

तिकडची शिडी आपल्यापेक्षा जास्त स्वच्छ आहे. देशपातळीवर वेदर प्रेडिक्शन सेंटर, ते देशभराचा अतिवृष्टीचा अंदाज देतं आणि धोका जवळ आला की एखाद्या पट्ट्याबद्दल काही तासांचं टिपण काढतं. खोऱ्यांसाठी तेरा रिव्हर फोरकास्ट सेंटर. आणि खाली १२२ स्थानिक ऑफिसं, 'वॉच' आणि 'वॉर्निंग' ही देतात. वॉच म्हणजे होऊ शकतं, वॉर्निंग म्हणजे होतंय किंवा आता होणारच, आणि ती जिल्ह्याला देत नाहीत, नकाशावर वेडीवाकडी चौकट काढून तेवढ्याच भागातल्या फोनना वाजवतात.

३ जुलैला दुपारी १ वाजून १८ मिनिटांनी ऑस्टिन-सॅन अँटोनिओ ऑफिसने वॉच दिला. संध्याकाळी राष्ट्रीय केंद्राचं टिपण आलं. मध्यरात्रीनंतर १ वाजून १४ मिनिटांनी केर काउंटीला फ्लॅश फ्लड वॉर्निंग. ४ वाजून ३ मिनिटांनी सगळ्यात वरची, इमर्जन्सी. नदी पाऊण तासात २६ फूट चढली. एकूण १३० हून जास्त माणसं गेली, त्यात एका मुलींच्या समर कॅम्पमधल्या मुली आणि काउन्सेलर मिळून सत्तावीस जणी होत्या. म्हणजे वेधशाळा झोपली नव्हती हे कागदावर दिसतंय. पण रात्रीचा एक, लाँग वीकेंड, नदीकाठच्या केबिनमध्ये फोनला रेंज नाही किंवा फोन दुसऱ्या खोलीत, आणि केर काउंटीत नदीवर भोंगे नव्हते, भोंगे बसवायची चर्चा वर्षानुवर्षं झाली आणि पैशापाशी येऊन थांबली. त्याच नदीवर खाली कम्फर्ट नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या फायर स्टेशनवर भोंगा होता, तो वाजला, लोक उठले, तिथे कुणी गेलं नाही. तिथपर्यंत पाणी पोचायला वेळही जास्त लागला हेही खरं, नाहीतर कुणीतरी लगेच लिहील.

त्याच्याआधी आठ महिने स्पेनमध्ये वेलेन्सियाला हीच गोष्ट दिवसाढवळ्या झाली. २९ ऑक्टोबर २०२४, तिथल्या हवामान संस्थेने सकाळी ७ वाजून ३६ मिनिटांनी लाल इशारा दिला. तूरिस गावात एका तासात १८४ मिलीमीटर, दिवसभरात ७७१. वेलेन्सिया विद्यापीठाने आदल्या दिवशीच वर्ग रद्द करून टाकले होते. आणि प्रांताच्या सरकारकडून सगळ्यांच्या फोनवर जो कर्कश मेसेज जायचा तो गेला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, तोपर्यंत पाइपोर्ता गावात पाणी शिरलेलं होतं, गाड्या वाहत होत्या. पाइपोर्तात त्या वेळी धड पाऊसही नव्हता बरं का, वरच्या कोरड्या नाल्यातून आलं. २२० हून जास्त माणसं गेली. एकाच हवामान संस्थेचे इशारे विद्यापीठाने वाचले आणि सरकारनेही वाचले.

जर्मनीत २०२१ च्या जुलैत आर नदीच्या खोऱ्यात काय वेगळं झालं? युरोपभर बघणाऱ्या पूर यंत्रणेने काही दिवस आधीपासून र्‍हाइन-मास खोऱ्यांबद्दल सांगितलं होतं, जर्मन हवामान खात्यानेही, आणि जिल्ह्याचा आणीबाणीचा हुकूम निघाला रात्री अकराच्या सुमारास. १३० हून जास्त एकट्या त्या दरीत. पण एक मान्य करायला हवं, युरोपच्या यंत्रणेच्या नजरेत आरसारखी छोटी नदी नीट बसतच नव्हती, ती मोठ्या खोऱ्यांसाठी बनवलेली. म्हणजे दोन्ही घोळ असतात, वरच्याला बारीक दिसत नाही आणि खालच्याला दिसलं तरी हुकूम द्यायचा धीर होत नाही. माझं विचाराल तर अलीकडच्या ह्या तिन्ही ठिकाणी दुसरा घोळ जास्त जीवघेणा ठरला. मंडळाच्या ग्रुपवर माझं नाव सांगू नका म्हणजे झालं.

रडारमध्ये घाटातला पाऊस खरोखरच्या पेक्षा कमी दिसतो असं आमचे सर म्हणाले. का? – एक विद्यार्थिनी, सातारा

सर बरोबर आहेत. रडारचा किरण सरळ जातो आणि जमीन गोल आहे, त्यामुळे लांब गेल्यावर तो जमिनीपासून वर वर जातो, अर्धा अंश कोनात सोडला तर शंभर किलोमीटरवर साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो, दीडशेवर अडीच किलोमीटरच्याही वर. मधे डोंगर आला तर त्यामागचं दिसतच नाही. आणि आपल्या घाटातला मॉन्सूनचा पाऊस बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडतो, गडगडाट नाही, वीज नाही, नुसता संततधार. किरण त्याच्या डोक्यावरून निघून जातो. उपग्रहाचंही तेच, तो ढगाचा माथा किती थंड आहे ह्यावरून पाऊस जोखतो, उंच ढग थंड, बुटका ढग उबदार, मग उबदार माथ्याखाली बदाबदा पडत असला तरी त्याला वाटतं रिमझिम आहे. फ्लॅश फ्लड गायडन्सला पाऊस पुरवणारे उपग्रहच असल्यामुळे ही चूक पुढे त्यात जाते, आणि ती दुरुस्त करायला जमिनीवरचे पर्जन्यमापक लागतात. महाराष्ट्रात महावेध ह्या हवामान केंद्रांच्या प्रकल्पाची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत, महसूल मंडळाला एक. एका मंडळात डझनभर गावं धरली आणि मधे दोन डोंगर धरले तर एक केंद्र म्हणजे काहीच नाही, पण पूर्वी तेवढंही नव्हतं.

मॉडेलही बारीक होतायत. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेने केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ ला सुरू झाली, ती सहा किलोमीटरच्या चौकटीत बघते, आधीचं बारा किलोमीटरचं होतं. चांगलंच आहे, पण ओढा सहा किलोमीटर रुंद नसतो.

आई-बाबांना चारधामला पाठवायचंय. धरालीचं बघून भीती वाटते. हवामान खात्याचा अलर्ट बघून निघाले तर सेफ ना? – एक वाचक, नाशिक

पावसापुरते सेफ. उत्तराखंडातल्या धरालीला ५ ऑगस्ट २०२५ ला दुपारी खीरगंगेच्या नाल्यातून दगड-गाळाचा लोंढा आला आणि बाजार गेला, आपल्याकडचेही बरेच प्रवासी त्या भागात अडकले होते. पहिल्या दिवशी सगळीकडे ढगफुटी म्हणून चाललं, पण आसपासच्या केंद्रांवर पाऊस किरकोळच नोंदला होता. २०२१ च्या फेब्रुवारीत चमोलीला खडक आणि बर्फाचा कडा कोसळून ऋषिगंगेला लोंढा आला, तेव्हा तर पाऊसच नव्हता. वर जे सगळं लिहिलं ती सिस्टीम पावसावर चालते, कडा सुटला किंवा हिमतळं फुटलं तर तिला पत्ताच नाही. तेव्हा जुलै-ऑगस्ट टाळा, मे-जूनला किंवा सप्टेंबरअखेरीनंतर पाठवा, आणि मुक्काम नाल्याच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात नको, कितीही 'रिव्हर व्ह्यू' असलं तरी.

आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. धबधब्याला जाताना कुठला अलर्ट बघायचा? – एक वाचक, ठाणे

आदल्या रात्री जिल्ह्याचा रंग, आणि 'घाट' वेगळा दिलाय का ते. सकाळी निघताना हवामान खात्याच्या मौसम ॲपवर तीन तासांचं नाऊकास्ट. सचेत ॲप टाकून ठेवा, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं आहे, सगळ्या खात्यांचे इशारे तिथे लोकेशनप्रमाणे येतात. २०२३ ला सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते आणि लोकांनी घाबरून बंद केले, ती ह्याच प्रकारच्या मेसेजची चाचणी होती, टॉवरच्या टप्प्यातल्या प्रत्येक फोनवर एकदम जाणारा, त्याला तुमचा नंबर माहीत असावा लागत नाही आणि नेटवर्क तुंबलं तरी तो अडत नाही. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये तो बंद करून ठेवला असेल तर चालू करा.

पण घाटात उतरलात की रेंज गेली, आणि मग ॲप-बिप काही नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, तो व्हिडिओ बघा, पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत यायला किती वेळ लागला ते बघा. गोव्यात सत्तरीच्या पाली धबधब्यावर जुलै २०२३ ला नदी अचानक चढून कितीतरी लोक पलीकडे अडकले, त्यांना दोर लावून काढावं लागलं. पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की फोटो राहू दे आणि वर चढा, ओढ्याच्या कडेने खाली पळू नका. गेलेला रस्ता पाण्याखाली गेला असेल तर पलीकडे थांबा, सहा इंच वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडतं आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगतात, एसयूव्ही घेतली म्हणून काही फरक पडत नाही.

आमची ग्रामपंचायत घाटाखाली, ओढ्याच्या दोन्ही अंगाला वस्ती. तहसीलमधून मेसेज येतो तो तालुक्याचा येतो. गावाला परवडेल असं काही करता येईल का? – एक सरपंच, रायगड

सरपंच, येईल की. केरळात वायनाडला हेच केलंय. तिथल्या ह्यूम सेंटर नावाच्या संस्थेने जिल्ह्यात शेतकऱ्यांना धरून दोनशेच्या आसपास पर्जन्यमापक बसवले, लोक रोज आकडा कळवतात, आणि त्याच्यावरून २९ जुलै २०२४ ला सकाळीच त्यांनी प्रशासनाला सांगितलं होतं की मुंडक्कई पट्ट्यात दरड येऊ शकते. दरड आली त्या रात्री. ऐकलं किती आणि कुणी ह्यावर नंतर खूप वाद झाले, ते बाजूला ठेवू, पण एवढ्या जवळून सांगणारं त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं.

तुमच्या ओढ्याचा उगम ज्या वाडीत आहे तिथल्या दोन घरांना साधे प्लॅस्टिकचे पर्जन्यमापक द्या, काही शे रुपयांत मिळतात, उघड्या जागेवर, झाडाखाली नाही. एरवी मोजणी सकाळी साडेआठला होते, पण जोराचा पडायला लागला की दर तासाला मोजायचं आणि खालच्या वाडीत कळवायचं. किती मिलीमीटरला तुमचा ओढा फुटतो हे दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदीतून तुम्हालाच कळेल, दिल्लीच्या मॉडेलपेक्षा बरोबर कळेल. पुलाच्या खांबावर पिवळी-लाल पट्टी रंगवा. मेसेज व्हॉट्सॲपवर टाकून बसायचं नाही, रात्री कुणी बघत नाही, सरळ कॉल करायचा, आणि लाईट गेली की टॉवरही जातो म्हणून देवळातली घंटा किंवा हाताने फिरवायचा भोंगा पाहिजेच. कुणी वाजवायचा, त्याचं नाव लिहून ठेवा, पोलीस पाटील बाहेरगावी असेल तर दुसरं नाव. वाजवल्यावर पूर नाही आला तर त्याला पारावर कुणी हसायचं नाही हे ग्रामसभेत आधीच ठरवून टाका, नाहीतर पुढच्या खेपेला तो वाजवणार नाही. म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार तेही घरागणिक ठरलेलं हवं. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, तो चालू आहे का ते मे महिन्यातच लावून बघा.